शिवारात हाडं सापडली, आणि २०११ ची मिसिंग परत निघाली

कृष्णाकाठच्या एका गावात पाइपलाइनसाठी चर खोदायचं काम चालू आहे, असं समजा. जेसीबीच्या बकेटमधून मातीबरोबर मांडीचं एक हाड पडतं, मग दोनतीन फासळ्या, मग कवटी. ड्रायव्हर मशीन बंद करतो. तासाभरात निम्मं गाव बांधावर जमतं आणि कुणीतरी हळू आवाजात ते नाव घेतं. "थोरला होता न्हवं त्यांचा, २०११ ला गेलेला?" चार गल्ल्या पलीकडे बातमी पोचते तेव्हा त्या थोरल्याची आई चप्पल पायात न घालता रानाकडे निघालेली असते.

हे कुटुंब कल्पनेतलं आहे, पुढे समजावताना सोपं जावं म्हणून घेतलेलं. प्रश्न मात्र कल्पनेतले नाहीत. साताऱ्यात वकिली करताना बेपत्ता माणसांच्या घरचे ते मला विचारतात. केस परत उघडेल का? इतक्या वर्षांनी काही कळतं का? डीएनए केला की झालंच ना?

हाडं बरंच काही सांगतात. बाई की पुरुष, वय साधारण किती, उंची किती, मार लागला होता का. नाव मात्र ती सांगत नाहीत. नाव जुन्या मिसिंगच्या कागदातून यावं लागतं, आणि तो कागद माणूस हरवला त्या आठवड्यात जसा लिहिला गेला तसाच चौदा वर्षांनी हाती येतो. हा लेख त्या कागदासाठी लिहिते आहे.

केस उघडलेली होती का?

सज्ञान माणूस हरवल्याचं सांगायला आपण ठाण्यात जातो तेव्हा जे दाखल होतं तो गुन्हा नसतो. ती 'मनुष्य मिसिंग'ची नोंद असते. रजिस्टरला नंबर पडतो, वर्णन लिहून घेतात, बिनतारी संदेश जातो, चौकशी एखाद्या हवालदाराकडे दिली जाते. घर सोडून जाण्याचा हक्क सज्ञान माणसाला आहे, त्यामुळे कायदा लगेच गुन्हा घडला असं धरत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांचं वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या प्रकरणात सांगितलं की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा मानवी तस्करी झाली असं गृहीत धरून थेट गुन्हा नोंदवायचा.

म्हणजे आपल्या थोरल्याची 'केस' बंद झालेली नव्हती, कारण ती उघडलेलीच नव्हती. मिसिंगची नोंद माणूस मिळेपर्यंत तशीच राहते. तपास अंमलदार बदलतात, बदलून आलेला नवा माणूस ढीगभर जुन्या नोंदींत ही एक नोंद वाचतो किंवा वाचत नाही.

काही घरांत मात्र त्या वेळीच संशय व्यक्त झालेला असतो, अपहरणाचा गुन्हा दाखल होऊन तपासही झालेला असतो. आरोपीचा माग लागला नाही की पोलीस कोर्टात 'अ समरी' मागतात. गुन्हा खरा आहे, पण उलगडत नाही, असा तिचा अर्थ. समरी मंजूर झाली म्हणून दार कायमचं लागत नाही. नवा पुरावा आला की पुढचा तपास करता येतो. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम १७३(८) होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १९३(९) आहे. सापडलेला सांगाडा हा तसा नवा पुरावा.

हाडं सापडली त्या दिवशी

पहिला फोन पोलीस पाटलांना जातो. अशी खबर ठाण्यात पोचवणं ही १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने त्यांच्यावर टाकलेली जबाबदारी आहे. ठाण्यात नोंद होते ती 'अकस्मात मृत्यू'ची, पोलिसांच्या बोलीत एडी. नव्या संहितेचं कलम १९४, जुनं १७४. पंचांसमोर पंचनामा होतो आणि हाडं वैद्यकीय अधिकाऱ्याकडे जातात. अजून खून नाही, आरोपी नाही, नावही नाही.

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त नुकसान होतं, आणि बहुतेक वेळा ते चांगल्या मनाने होतं. कुणी हाडं गोळा करून पोत्यात भरतं, कुणी कवटी धुऊन देवळाच्या कट्ट्यावर ठेवतं, कुणी "नीट बघा तरी" म्हणून खड्डा फावड्याने रुंद करतं. हाड जमिनीत कसं पडलं होतं, किती खोल होतं, त्याच्या वर कोणता मातीचा थर होता, शेजारी काय होतं, हे एकदाच बघायला मिळतं. जिभेच्या मुळाशी कंठास्थी नावाचं घोड्याच्या नालेच्या आकाराचं बारीक हाड असतं. गळा आवळल्यावर ते मोडू शकतं. ते इतकं लहान की चर खणताना खड्यांत हरवून जातं, म्हणून खड्ड्यातली माती चाळणीने चाळावी लागते. बटण, चेनची कडी, जोडवं, करगोट्यातला मणी, दात, सगळं त्या चाळणीत सापडतं. जेसीबी परत चालवू नका, एवढं जरी गावाने पाळलं तरी निम्मं काम झालं.

कधी उलटं घडतं. संशयित जागा दाखवतो आणि तिथे खणावं लागतं. तेव्हा दंडाधिकाऱ्यासमोर उत्खनन होतं, साधारणपणे तहसीलदार हजर असतात. कलम १९६, जुनं १७६. पुरून किती वर्षं झाली याची मर्यादा कायद्यात नाही.

आपल्या जिल्ह्याला हे सांगायला नको. वाई तालुक्यातल्या धोमला ऑगस्ट २०१६ मध्ये एका फार्महाऊसच्या आवारात खणलं गेलं, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राच्या नजरा तिकडे लागल्या होत्या. शोध चालला होता जूनमध्ये बेपत्ता झालेल्या एका महिलेचा. तो शोध पुढे आणखी बेपत्ता माणसांपर्यंत गेला, आणि पोलिसांनी मांडलेल्या प्रकरणात सगळ्यात जुनी घटना २००३ ची होती. तेरा वर्षं! मला त्यात सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की एका ताज्या मिसिंगचा नेटाने पाठपुरावा झाला म्हणून जुन्यांना वाचा फुटली. एक मिसिंग नीट तपासली जाते तेव्हा ती एकट्या त्याच घराची राहत नाही.

प्रत्येक हाड म्हणजे गुन्हा नव्हे

बांधावर जमलेल्या गावाला हे पटत नाही, तरी सांगते. पहिला प्रश्न असतो, हाड माणसाचं की जनावराचं. मेलेला बैल, म्हैस रानातच पुरतात, आणि तुटक्या तुकड्यांवरून डॉक्टरलाही खात्री करायला प्रयोगशाळेची मदत लागू शकते.

माणसाचं असलं तरी ते रीतीने पुरलेलं असू शकतं. सांगली भागात लिंगायत समाज मोठा आहे, तिथे दफनाची रीत आहे, पुष्कळदा बसत्या स्थितीत. गोसावी, नाथपंथी समाधी देतात. मुस्लिम, ख्रिस्ती दफन आहेच. तान्ही बाळं तर जवळपास सगळ्याच समाजांत पुरतात. जुनी दफनाची जागा कालांतराने कुणाच्या तरी सातबाऱ्यात येते आणि विसरली जाते. त्यात कृष्णा-वारणेचे पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. एवढा लोंढा काठ खरवडतो, पुरलेलं उघडं करतो, वरचं खाली नेतो. नदीकाठी सापडलेलं हाड त्याच गावचं असेल असं धरून चालत नाही.

म्हणून सांगाडा कसा होता ते महत्त्वाचं. सरळ, दिशा बघून, पुरेशा खोलीवर ठेवलेला देह आणि घाईत उथळ खड्ड्यात दुमडून टाकलेला देह यांतला फरक जाणकार डोळ्याला दिसतो. पोत्याचे धागे, दोरी, अंगावरचे रोजचे कपडे, कमरेचा पट्टा, हे रीतीच्या दफनात नसतं.

हाडं काय बोलतात

पुरुष की बाई हे कंबरेच्या हाडांवरून, म्हणजे पेल्विसवरून, सगळ्यात खात्रीने कळतं, कारण बाळंतपणासाठी बाईचं पेल्विस पसरट आणि रुंद असतं. न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत आकडे दिलेले असतात: एकटं पेल्विस मिळालं तर सुमारे ९५ टक्के, एकटी कवटी मिळाली तर सुमारे ९० टक्के. वय तरुणपणी नीट कळतं. हाडांची टोकं ठराविक वयात जुळतात, आणि खांद्याकडून गळ्याकडे येणाऱ्या आडव्या हाडाचं गळ्याकडचं टोक सगळ्यात शेवटी, विशीच्या उत्तरार्धापर्यंत. तिशीनंतर मात्र अंदाज सैल होत जातो आणि 'चाळीस ते पंचावन्न' असं काहीतरी उत्तर येतं. उंचीसाठी मांडीचं हाड मोजतात. त्याच्या साधारण पावणेचारपट उंची धरता येते.

मृत्यू किती दिवसांपूर्वी झाला, या प्रश्नावर घरच्यांचा फार जीव अडकलेला असतो आणि नेमकं तिथेच विज्ञान सावध होतं. जुना आडाखा असा की उघड्यावर एका आठवड्यात जितकं कुजतं तितकं पाण्यात दोन आणि जमिनीत आठ आठवड्यांत. पण माती माती वेगळी असते. महाबळेश्वरच्या पठारावरचा तांबडा जांभा आणि वरून धो धो पाऊस, ती माती आम्लधर्मी, हाडं झिजवते. कृष्णाकाठची काळी माती चुनखडीची, तिच्यात हाडं तुलनेने टिकतात. मात्र काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यात बारीक वस्तू भेगेतून खाली सरकतात, हाडं पिचतात. त्यामुळे "नाणं इतकं खोल होतं म्हणजे इतकं जुनं" असला हिशेब काळ्या रानात लागू पडत नाही. नाण्यावरचं साल मात्र खरं. २०१० चं नाणं देहाच्या खिशात असेल तर माणूस २०१० पर्यंत नक्की जिवंत होता.

उसाच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो, त्यात आत काय पडलंय ते तोड येईपर्यंत कुणाला दिसत नाही. कोल्ही-कुत्री हाडं लांब ओढून नेतात. तोड झाल्यावर पाचट पेटवलं तर वर पडलेली हाडं भाजतात आणि त्यांतला डीएनए बिघडतो. अशा ठिकाणी एक हाड सापडलं तर शेजारची दोनतीन रानंही फिरून बघावी लागतात.

मोडलेल्या हाडाबद्दल लोक लगेच बोलायला लागतात. "कवटी फुटलीय, म्हणजे डोक्यात घातलंय." तसं असेलही. पण जिवंतपणी किंवा मरताना मोडलेल्या हाडाची कड बाकीच्या हाडासारखीच मातीच्या रंगाची होते, कारण तीही तितकीच वर्षं मातीत होती. जेसीबीच्या दातांनी आज मोडलेल्या हाडाची कड पांढरी, कोरडी, खडूसारखी दिसते. जुनं, भरून आलेलं फ्रॅक्चर तिसरंच. ते मृत्यूचं कारण सांगत नाही, पण ओळख पटवायला सोन्यासारखं असतं.

विषाचं म्हणाल तर आर्सेनिकसारखे धातू हाडांत आणि केसांत वर्षानुवर्षं राहतात, शेतातली बहुतेक कीटकनाशकं राहत नाहीत. धातूचं विष शोधायचं तर आजूबाजूच्या मातीचा वेगळा नमुनाही घ्यावा लागतो. तो घेतला नाही तर कोर्टात पहिला प्रश्न हाच येतो की हे मातीतून हाडात गेलं नसेल कशावरून.

आईचं रक्त, मावशीचं रक्त

आता डीएनए. हाडं आपल्याकडून कोल्हापूर, पुणे किंवा मुंबईच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात. डीएनए टिकतो तो घट्ट जागी: दाढेच्या आत, मांडीच्या हाडाच्या जाड भिंतीत, कवटीत कानाच्या आतल्या बाजूला असलेल्या दगडासारख्या हाडात. म्हणून दाढा वेगळ्या जपायच्या.

एकट्या हाडाच्या डीएनएला काही अर्थ नाही. तो जुळवायला नातलग लागतो, आणि कोणता नातलग चालतो हे समजून घ्यायला आपल्या मराठीइतकी सोयीची भाषा नाही. इथे प्रत्येक नात्याला वेगळा शब्द आहे, आणि डीएनएलाही तोच फरक कळतो.

सगळ्यात चांगले नमुने आई, वडील आणि मुलं यांचे. निम्मा डीएनए आईकडून, निम्मा वडिलांकडून येतो, आणि ही जुळणी जवळजवळ शंकेला जागा ठेवत नाही. आपल्या थोरल्याची आई आहे, मुलगा आहे, दोघांचं रक्त घेतलं की झालं. बायकोचं रक्त नवऱ्याशी जुळवण्यासारखं नसतं, पण मुलाच्या डीएनएतला कोणता भाग आईचा हे वेगळं काढायला ते उपयोगी पडतं. म्हणून तिलाही बोलावलं तर तिने चक्रावून जाऊ नये.

वर्षानुवर्षं मातीत राहिलेल्या हाडात हा डीएनए तुटून गेलेला असू शकतो. पेशीच्या केंद्रात त्याच्या दोनच प्रती असतात. पेशीत त्याखेरीज आणखी एक डीएनए असतो, मायटोकॉन्ड्रियाचा, त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, म्हणून तो जुन्या हाडातही हाती लागतो. हा फक्त आईकडून येतो. म्हणजे थोरल्याची आई, सख्खी भावंडं, मावशी, मामा, मावसभाऊ, बहिणीची मुलं, या सगळ्यांत तो एकच. आत्या चालत नाही, काका चालत नाही, मामेभाऊ चालत नाही, कारण त्याने तो मामीकडून घेतला. थोरल्याचा स्वतःचा मुलगाही इथे चालत नाही, त्याने आपल्या आईचा घेतला. 'माय मरो पण मावशी उरो' ही म्हण आपण मायेसाठी वापरतो, पण आई हयात नसलेल्या कितीतरी घरांत ओळख पटवायला खरोखर मावशीच उरते.

हरवलेली बाई असेल तर हिशेब बदलतो. तिचा हा डीएनए तिच्या मुलाकडेही आहे आणि मुलीकडेही, आणि मुलीच्या मुलांकडेही.

पुरुषांसाठी आणखी एक वाट म्हणजे वाय गुणसूत्र. ते बापाकडून मुलाला जातं, म्हणून वडील, भाऊ, मुलगा, काका, चुलतभाऊ. आई गेली, माहेरचं कुणी उरलं नाही, तर भावकी कामाला येते.

मात्र मायटोकॉन्ड्रिया आणि वाय यांची जुळणी 'या कुळातला' एवढंच सांगते, 'हाच माणूस' असं सांगत नाही. त्यासाठी वय, उंची, जुनं फ्रॅक्चर, कपडे हे सगळं जोडीला लागतं. आणि नुसत्या कपड्यांवरून ओळख पटली असं कधीही मान्य करू नका. तसला शर्ट बाजारात शेकड्याने विकला गेलेला असतो.

"आधारला बोटांचे ठसे आहेत की, त्यावरून नाही का कळत?" हा प्रश्न नेहमी येतो. सांगाड्याला ठसे नसतात. आणि ठसे मिळाले असते तरी आधार कायद्याने बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पोलिसांना द्यायला बंदी आहे.

दोन रजिस्टरं एकमेकांना कशी भेटतात

आपल्याला वाटतं हाडाचा डीएनए काढला की कुठल्यातरी संगणकात नाव दिसेल. बेपत्ता माणसांच्या नातलगांचे डीएनए साठवणारी देशव्यापी कायदेशीर बँक आपल्याकडे उभी राहिलेली नाही. त्यासाठीचं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे आधी कुणाला तरी सुचावं लागतं की ही हाडं अमक्याची असतील. मगच त्या घरचं रक्त घेतलं जातं.

ते सुचणार कशावरून? एका ठाण्यात अनोळखी मृतदेहाची नोंद, दुसऱ्या ठाण्यात मिसिंगची. आता दोन्ही सीसीटीएनएस या संगणक जाळ्यात असतात, महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर बेपत्ता आणि अनोळखी मृतदेह दोन्ही शोधता येतात. पण संगणक वर्णन जुळवणार ते लिहिलेलं असेल तर. 'रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात शर्ट-पँट' या वर्णनात अर्धा जिल्हा बसतो.

आणि हद्द. आपल्या भागातली माणसं कुठे कुठे असतात बघा. जावळी-पाटणचा माणूस मुंबईला माथाडी, आटपाडी-खानापूरची माणसं सोन्याचांदीच्या गलाईसाठी देशभर. उसाच्या हंगामात बीडकडच्या टोळ्या आपल्या शिवारात. जत-मिरजेची हद्द ओलांडली की कर्नाटक. सांगलीच्या उसात सापडलेल्या हाडांची मिसिंग बीडमध्ये असू शकते, आणि मुंबईला गेला म्हणून ज्याची वाट बघितली तो कधी तालुका सोडून गेलेलाच नसतो. बाईच्या बाबतीत तर "गेली असेल कुणाबरोबर" या एका वाक्यावर किती मिसिंग थंड पडल्या असतील, याचा विचार करवत नाही. त्या वाक्याने तिचा शोधही थांबतो आणि तिचं नावही जातं.

म्हणून ज्यांचं माणूस आज बेपत्ता आहे त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: मिसिंगच्या जबाबात पुरवणी जबाब देता येतो, तो द्या. पाच वर्षांनी आठवलं तरी जाऊन द्या. पाय कधी मोडला होता, कोणत्या हातात काय गोंदलं होतं, कुठली दाढ काढली होती, चप्पल कितीची. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय काढलं तेव्हापासून आपल्याकडची मोडलेली हाडं जोडायला माणूस मिरजेला जातो. तिथे घातलेला रॉड, प्लेट, स्क्रू हाडांबरोबर शिल्लक राहतो आणि त्यावर बनवणाऱ्याची खूण आणि लॉट नंबर असू शकतो. ऑपरेशनचे कागद, एक्स-रे टाकून देऊ नका. आणि फोटो द्यायचा तर हसरा, ज्यात समोरचे दात दिसतात. कवटीवर फोटो बसवून बघायची पद्धत आहे, तिचा उपयोग 'हा तो नव्हे' हे ठरवायला जास्त होतो, आणि दात दिसले तर ती जुळणी बळकट होते.

ओळख पटली. मग?

आता एडीच्या कागदांवरून गुन्हा दाखल होतो, पुष्कळदा पोलीसच सरकारतर्फे फिर्याद देतात, आणि स्थानिक गुन्हे शाखा तपासात उतरते. खुनाला मुदत नाही. मुदतीचा नियम तीन वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांपुरताच आहे. कलम कोणतं लागणार? मृत्यू २०११ चा असेल तर भारतीय दंड संहितेचं ३०२, कारण गुन्हा घडला त्या दिवशीचा कायदा लागतो. आज नव्याने दाखल झालेल्या गुन्ह्याचा तपास मात्र नव्या संहितेच्या रीतीने होतो.

अवघड काय असतं ते सांगते. फोनचे कॉल तपशील कंपन्यांना साधारण दोन वर्षं जपावे लागतात, डिसेंबर २०२१ च्या आधी एकच वर्ष. २०११ मध्ये ते मागवून फायलीला लावले नसतील तर आता ते नाहीत. राहतात ती माणसं. शेवटचं कुणी पाहिलं, कुणाबरोबर पाहिलं, कुठल्या एसटीत बसला. इथेही जुना मिसिंगचा कागदच आधार देतो. २०११ मध्ये दिलेल्या जबाबात एखादं नाव असेल तर त्याचं वजन वेगळं, आणि तेच नाव पहिल्यांदा २०२५ मध्ये निघालं तर बचावाचा वकील विचारणारच की इतकी वर्षं गप्प का होतात. तो प्रश्न मीही विचारला असता.

मृत्यूचं कारण हाडांवरून कळलं नाही म्हणून खटला आपोआप पडत नाही. मृतदेह न सापडताही परिस्थितीजन्य पुराव्यावर शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीपासून मान्य केलं आहे. पण साखळीची प्रत्येक कडी लागते. तपासात काय चाललंय हे पोलिसांनी फिर्यादीला किंवा पीडिताच्या घरच्यांना ९० दिवसांच्या आत कळवायचं आहे, कलम १९३(३). लेखी विचारा. बायकोला किंवा आईला स्वतःचा वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

घरात

सात वर्षं माणसाची खबर नसेल तर तो मेला असं कायदा गृहीत धरू शकतो. भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १११, जुनं १०८. आपल्या जुन्या रीतीत ही वाट बारा वर्षांची होती, आणि मग पळसाच्या ३६० पानांचा किंवा देठांचा पुतळा करून त्याचा दाह करायचा. काही घरांनी तो विधीही केलेला असतो, फोटोला हारही घातलेला असतो. काहींनी नाही. काही बायका चौदा वर्षं कुंकू लावत असतात आणि त्याबद्दल येता-जाता बोलणी खात असतात.

सात वर्षांचं गृहीतक मृत्यू धरतं, तारीख धरत नाही. २००४ मध्ये एका विमा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. म्हणून हरवलेल्या माणसाच्या विम्याचे हप्ते बंद करू नका, पॉलिसी बंद पडली की पुढे भांडायला काही उरत नाही.

हाडं जुळली की मृत्यूचा दाखला मिळू शकतो. मृत्यूला वर्ष उलटून गेलं असेल तर नोंदीसाठी आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून तो जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकारी, किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी देतात. पूर्वी त्यासाठी कोर्टात जावं लागायचं. दाखला आला की वारस नोंद, फेरफार, बँक, सगळी अडलेली दारं उघडतात. डीएनए अहवालाच्या आणि पंचनाम्याच्या प्रती तेव्हा लागतात, त्या आधीच मागून ठेवा.

आणि अस्थी. हाडं पुरावा आहेत, मुद्देमाल आहेत, त्यांना नंबर आहे. आईला हे ऐकवत नाही. पण तपासणी पुरी झाल्यावर ती मिळण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो. पुढच्या तपासणीसाठी लागणारा भाग ठेवून बाकीचं द्यावं, असं त्यात मागता येतं. हा अर्ज आपण केला नाही तर हाडं खटला संपेपर्यंत पेटीत राहू शकतात. मग कुणी माहुलीच्या संगमावर जातं, कुणी कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर, कुणी हरिपूरला.

त्यानंतर भटजी तिथी विचारतात. मुलगा माझ्याकडे बघतो, जणू ती माझ्या फायलीत असेल. फायलीत सांगाडा सापडल्याची तारीख असते, मिसिंग दाखल झाल्याची असते, अहवालाची असते. ती एक नसते. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या आहे, आणि बहुतेक घरं तोच दिवस धरतात.